पहिली सूट कुणी दिली?

आमच्या रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या रस्त्यावरून ऑटो जातो. टपावर भोंगा, पाठीमागे फ्लेक्स आणि रेकॉर्ड केलेला एकच आवाज: ब्रँडेड कपडे, डिझायनर कपडे, ७० टक्के सूट, फक्त तीन दिवस. एसटीची वाट पाहणारी माणसं माना वळवतात. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आलेत, लग्नाची तिथी धरलीय, बस्ता बांधायचाय. अशा घरात तो आवाज थेट चुलीपर्यंत पोचतो.

माझा त्या आवाजाला एकच प्रश्न आहे. ७० टक्के कशाचे?

शर्टाच्या चिठ्ठीवर २,९९९ छापलंय, आपल्याला तो ८९९ ला मिळाला, आणि घरी येऊन आपण सांगतो की २,१०० रुपये वाचले. वाचले कुठून? त्या शर्टाचे २,९९९ कुणी मोजले होते? काल मोजले, मागच्या महिन्यात मोजले, वाशीमला मोजले की अकोल्याला? मोजणारा एकही माणूस सापडत नसेल तर त्या चिठ्ठीवर किंमत नाही, नुसता आकडा आहे. आकड्यातून कितीही वजा करा, खिशात काही येत नाही.

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किरकोळ किंमत. कायद्याचं म्हणणं इतकंच, की तिच्यावर एक रुपयाही घ्यायचा नाही. ती किती असावी, खर्चाच्या किती पट असावी, हे कपड्याच्या बाबतीत कायदा सांगत नाही. काही औषधांच्या किमतीला सरकारचा लगाम आहे, शर्टाला नाही. माल काढणारा ठरवतो आणि छापतो. ज्याला ७० टक्के सूट द्यायची आहे त्यानं छापतानाच तेवढी जागा सोडली की झालं.

हिशेब अगदी सोपा आहे. दुकानदाराला एक शर्ट ३०० ला पडला आणि त्याला तो ९०० ला विकायचाय. चिठ्ठी १,२०० ची लावली तर सूट २५ टक्के होते. तीच चिठ्ठी ३,००० ची लावली तर सूट ७० टक्के. गल्ल्यात दोन्ही वेळेला ९००च पडतात. शर्ट तोच, शिवण तीच, बटणं तीच. पण २५ टक्क्यांना आपण 'बघू' म्हणतो आणि ७० टक्क्यांना दोन घेतो.

कराचंही बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याच्या नगाला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर गेला की १८ टक्के. विक्रीची किंमत २,४९९ वर येऊन थांबते त्याचं एक कारण इथे आहे. आणि सूट दिलेल्या किमतीवर कोणी 'कर वेगळा' म्हणून बिल वाढवत असेल तर तिथेच हात धरा. एमआरपीत कर आधीच धरलेला असतो. एमआरपीवर सूट जाहीर करून वर वेगळा कर लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं जानेवारी २०१७ मध्येच सांगितलंय. व्हॅट गेला, जीएसटी आला, तरी काही दुकानांची ती सवय गेलेली नाही.

खरं तर रिसोड तालुक्यातल्या माणसाला हा छापील आकड्याचा प्रकार कुणी समजावून सांगायला नको. छापलेली एक किंमत आपल्याही मालाला असते. तिला हमीभाव म्हणतात.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१० आणि सोयाबीनला ५,३२८ असा हमीभाव जाहीर झाला. एमआरपी छापतात ती कुणी तिच्या वर जाऊ नये म्हणून. हमीभाव जाहीर करतात तो कुणी त्याच्या खाली जाऊ नये म्हणून. एमआरपी पाळली जाते, कारण ती मुळात इतकी वर बांधलेली असते की ओलांडायची कुणाला गरजच पडत नाही. हमीभाव मात्र मोडतो, आडतीच्या ओट्यावर, दिवसाढवळ्या, आणि मोडणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही.

कारणं तयार असतात. ओल आहे. कचरा आहे. बोंड किडकं दिसतं. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. घरी पाहुणे यायचेत, मजुरांची वेचाई द्यायचीय, तर गाडी परत नेणार कोण? मग ती खासगीकडे वळते आणि तिथे कट्टी लागते. शहराच्या दुकानात भाव उतरवला की त्याला डिस्काउंट म्हणतात, जिनिंगच्या काट्यावर उतरवला की कट्टी. एकात घेणारा हसतो, दुसऱ्यातही घेणाराच हसतो.

त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं गेलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. कापड गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी हा हेतू उघड होता. आपल्या पऱ्हाटीला पहिलं बोंड फुटायच्या आधी आपल्या मालाचा सेल लागला होता, आणि तो आपण लावला नव्हता.

आता तो कापूस शर्टापर्यंत नेऊ. एक क्विंटल कापसातून जिनिंगला साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. पूर्ण बाह्यांच्या सुती शर्टाचं वजन पाव किलोच्या आसपास. सूत काढताना, विणताना आणि कापताना वाया जाणारं धरलं तर एका शर्टामागे किलोभर कापूस लागतो. हमीभावानं त्या कापसाचे ८१ रुपये. क्विंटल सात हजारांना विकला तर ७०. म्हणजे शर्टामागे ११ रुपये शेतकऱ्यानं सोडले. नगावर ते कुठे छापलेले नसतात. त्यातूनच वेचणाऱ्या बाईची वेचाई जाते, फवारणी जाते, बियाण्याचं पाकीट जातं. ७० टक्क्यांची पाटी लावणाऱ्यानं खरोखर काय सोडलं ते मला माहीत नाही, पण या शर्टावर पहिली सूट कुणी दिली ते मला पक्कं माहीत आहे.

मग खरा डिझायनर माल स्वस्तात मिळतच नाही का? मिळतो. पण तो कसा सुटतो हे आधी समजून घ्यायला हवं.

मोठ्या नावाच्या कंपन्यांना सूट आवडत नाही. त्या नावच विकतात आणि नाव स्वस्त झालं तर त्यांच्याकडे विकायला फारसं उरत नाही. बर्बेरी ही लंडनची जुनी कंपनी. २०१८ च्या अहवालात तिनं स्वतःच लिहिलं, की वर्षभरात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. चांगले, कोरे कपडे, अत्तरं, सामान. ते भलत्या बाजारात स्वस्तात जाऊ नये म्हणून संपवलं. बोंबाबोंब झाली आणि त्याच सप्टेंबरात कंपनीनं ही पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. फ्रान्सनं त्यानंतर कायदाच केला आणि २०२२ पासून न विकलेले कपडे नष्ट करायला बंदी घातली. मला त्या नासाडीचा राग आजही येतो. त्यात कुणाचा तरी कापूस होता. उन्हात पाठ वाकवून कुणीतरी तो वेचला होता.

आपल्याकडे स्वस्त चांगला माल येतो तो वेगळ्या वाटेनं. परदेशी कंपनी इथल्या कारखान्याला समजा दहा हजार नग सांगते. कापताना, शिवताना काही नग बिघडणार म्हणून कारखाना थोडे जास्त शिवतो. काही नग तपासणीत नापास होतात, कधी एवढ्याशा डागामुळे, कधी एका वाकड्या टाक्यामुळे. कधी अख्खी ऑर्डरच रद्द होते, कारण जहाज उशिरा सुटलं. उरलेला हा माल म्हणजे एक्स्पोर्ट सरप्लस. कंपनीचं नाव त्यावर राहू द्यायचं नसतं, म्हणून मानेमागचं लेबल अर्धं कापतात किंवा त्यावर काळी रेघ मारतात. मुंबईत आझाद मैदानाजवळ महात्मा गांधी रस्त्यावर फॅशन स्ट्रीट आहे, तिथल्या गाळ्यांनी या कापलेल्या लेबलांवर नाव कमावलं. कॉलेजातली पोरं पिढ्यान् पिढ्या तिथे जातात, शर्ट उलटा करतात, मान बघतात आणि मग भाव करतात.

शर्ट उलटा करणं, हीच सगळ्यात मोठी विद्या आहे. ती फुकट आहे आणि केनवडला बसूनही येते.

समोरून कपडा दुकानदार दाखवतो, आतून तो स्वतःच बोलतो. शिवण बघा. इंचात दहा-बारा टाके बसलेत की सात-आठवर भागवलंय? शिवणीत कापड किती सोडलंय? भरपूर सोडलं असेल तर पोरगं वाढलं, पोट सुटलं, तरी कपडा मोठा करता येतो. सोडलंच नसेल तर पहिल्या ओढीत उसवतो. चौकडीचा शर्ट असेल तर खिशाच्या रेघा छातीच्या रेघांना जुळतात का ते बघा. जुळवायला जास्त कापड लागतं आणि जास्त वेळ, म्हणून स्वस्तात शिवणारा पहिली चोरी तिथेच करतो. काज बघा. धागे निघालेले असतील तर चार धुण्यांत बटण बाहेर. आतल्या बाजूला जास्तीचं बटण टाचलंय का? धुण्याच्या सूचनांची पट्टी चार भाषांत आहे का? एक्स्पोर्टच्या मालाची ही चिन्हं असतात. पट्टीवर सूत किती आणि पॉलिएस्टर किती तेही लिहिलेलं असतं, ते वाचा.

पट्टीवर विश्वास नसेल तर घरी आल्यावर शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख सोडतं. पॉलिएस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक मणी करतं. आपल्या आज्यांना ही परीक्षा माहीत होती. त्यांना पट्टी वाचता येत नव्हती, म्हणून त्या फसत नव्हत्या.

साडीचंही तसंच. 'आर्ट सिल्क' हा शब्द कलेचा नाही, कृत्रिम रेशमाचा आहे. बस्त्यात ३,००० ची म्हणून १,१०० ला मिळणाऱ्या 'सिल्क'वर तो बारीक अक्षरात असतो. खरं रेशीम हवं तर केंद्रीय रेशीम मंडळाचं सिल्क मार्कचं चिन्ह बघा. पैठणी म्हणून दाखवली तर पदर उलटा करा. हातमागावरच्या पैठणीत मोर, पोपट, वेल मागूनही तसेच दिसतात. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत मागे कापलेले, लोंबणारे धागे दिसतात. सेमी घेऊ नका असं मी म्हणत नाही. आपल्या ऐपतीत ती छान दिसते आणि नेसणारीला आनंद देते. सेमीचे पैसे देऊन सेमी घ्यावी. पैठणीची चिठ्ठी आणि सेमीचा माल, ही फसवणूक झाली.

'फर्स्ट कॉपी'बद्दल तर स्पष्टच बोलतो. मोठ्या कंपनीचं चित्र लावलेला टी-शर्ट २५० ला मिळतो तेव्हा तो सरप्लस नसतो, तो खोटा असतो. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं चिन्ह लावण्याला आणि असा माल विकण्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ५० हजार ते दोन लाख दंड. पोरांना मी सांगतो, तुमच्या छातीवर दुसऱ्याचं खोटं नाव कशाला? साधा कोरा टी-शर्ट घ्या, जाड सुताचा घ्या.

आणखी एक गोष्ट उलट्या शर्टातून दिसत नाही, ती सांगायलाच हवी. स्वस्त कपड्याची किंमत कुठेतरी कुणीतरी भरत असतं. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कष्टांवर उभं राहिलं, तिथली जीन्स देशभर गेली आणि बाजाराच्या दिवशी आपल्या तालुक्यातही टांगलेली असते. त्या जीन्सच्या रंगाई-धुलाईचं पाणी वालधुनी नदीत गेलं, नदी काळीनिळी झाली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. बांगलादेशात ढाक्याजवळ सावार इथे २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बाया. भिंतींना आदल्या दिवशीच तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपल्या माणसांना घरी ठेवलं. शिवणाऱ्या बायांना मात्र कामावर बोलावलं, कारण ऑर्डर वेळेत जायची होती. युरोप-अमेरिकेच्या दुकानांत त्या कपड्यांवरही कुठेतरी सवलतीची पाटी लागणार होती. पहिली सूट कापूस वेचणारीनं दिली, तर दुसरी या बायांनी दिली.

खरी सूट कशी असते तेही आपल्याला माहीत आहे. गांधी जयंतीपासून खादीवर सूट लागते. वर्ध्याची, सेवाग्रामची परंपरा असलेल्या या विदर्भात कित्येक घरं वर्षाचा झब्बा त्याच दिवसांत घेत आली. ती सूट का आहे ते माहीत असतं, कधीपासून कधीपर्यंत ते माहीत असतं, आणि तिच्यामागे सरकारी मदत असते हेही. एरवी तीच खादी छापील भावानं विकली जाते. म्हणूनच कमी झालेला भाव हा खरोखर कमी झालेला भाव असतो. भोंगावाल्यानं हे एवढंच सांगावं: सूट कोण सोसतंय? मी त्याचं पहिलं गिऱ्हाईक होईन.

आता घरातली गोष्ट.

पुतणीचं लग्न ठरलं. तिला लेहंगा हवा होता, आणि तो डिझायनर हवा होता. आपल्या भागात हा शब्द वेगळ्या अर्थानं बसलाय. मुंबई-दिल्लीत डिझायनर म्हणजे तो कपडा ज्याच्या कल्पनेतून आला तो माणूस. आपल्याकडे डिझायनर म्हणजे ज्यावर काम आहे तो कपडा. डिझायनर साडी, डिझायनर ब्लाऊज, डिझायनर ओढणी. टिकल्या, जरी, खडे असले की डिझायनर. मला हा अर्थ चुकीचा वाटत नाही. आपण माणसाचं नाव बघत नाही, हाताचं काम बघतो. आणि ही नजर आजची नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. अजिंठ्याच्या चित्रांतल्या माणसांची वस्त्रं एकदा नीट बघून या. रेघा, ठिपके, नक्षीच्या पट्ट्या, अंग दिसेल इतकी तलम कापडं. नक्षी असलेला कपडा नजरेला गोड वाटणं आपल्या मातीत दीड हजार वर्षं मुरलेलं आहे. पुतणीला मी नावं ठेवणार नव्हतो.

तिनं मोबाइलवर लेहंगा शोधला. १८,९९९ वर काट, खाली ३,४९९. शेजारी लाल घड्याळ, दोन तास चौदा मिनिटं उरली. खाली ओळ: आता फक्त दोन नग शिल्लक. पोरगी घाबरली आणि तिनं मागवला. पैसे आधीच भरले, कारण तसं केलं की आणखी १०० रुपये कमी होत होते.

आला तो लेहंगा फोटोतला नव्हता. फोटोत मरून रंग होता, हा विटकरी. फोटोत घेर होता, याला नव्हता. जरी नखानं खरवडली की निघत होती. तीन दिवसांनी त्याच पानावर पुन्हा तेच घड्याळ लागलेलं होतं, पुन्हा दोन तास चौदा मिनिटं. नग दोनच शिल्लक.

या घड्याळाला कायद्यात नाव आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या १३ युक्त्या नोंदवल्या. खोटी घाई लावणं ही त्यातली पहिलीच. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच एक अनुचित प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिली असेल ती, नसेल तर ३० दिवस. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही गल्ल्यामागची पाटी सदोष मालाला लागू होत नाही, ती कितीही मोठ्या अक्षरात रंगवलेली असो. तक्रारीचा फोन १९१५. तो लावायला इंग्रजी यावं लागत नाही. पार्सल फोडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा, चिठ्ठी आणि डबा टाकू नका.

पुतणीनं चित्रण केलं नव्हतं, डबा मात्र होता. चार वेळा बोलल्यावर, दोनदा फोटो पाठवल्यावर पैसे परत आले. तीन आठवडे गेले. लग्नाला बारा दिवस उरले.

मग तिची आई उठली आणि पेटीतून स्वतःचा शालू काढला. जांभळा, काठ जाड, पदराला एका जागी घडीवर फाटलेला. गावात एक मावशी शिवतात. घराच्या ओसरीवर पायमशीन, भिंतीला कागदाचे कापलेले नमुने, तोंडात टाचण्या. त्यांनी शालू उन्हात धरला, फाटलं तिथे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा भाग आत घेतो. काठ घेरात येतो, पदराची चोळी होते. पोरीले उभी कर इकडे."

मी तिथे बसून होतो. त्यांनी पुतणीच्या खांद्यापासून कमरेपर्यंत फीत फिरवली, तिला दोन पावलं चालायला लावलं, बसायला लावलं. मांडवात सप्तपदीला पाय अडकू नये म्हणून समोरचा घेर चार बोटं उचलला. कळ्या किती पडतील ते तोंडानंच मोजलं. काठ जोडताना नक्षीतला कोयरीचा आकार तुटू नये म्हणून त्यांनी कापायची रेघ तीन वेळा बदलली. मोठ्या शहरात या कामाला डिझायनर म्हणतात आणि त्याचे हजारो घेतात. इथे बाया त्या ओसरीवर येतात, ब्लाऊजची शिलाई ऐकतात आणि म्हणतात, "एवढे? काही कमी करा ना मावशी."

ही खोड सगळ्यांनाच आहे, माझ्या घरालाही. फ्लेक्सवरच्या आकड्याशी आपण घासाघीस करत नाही. मॉलच्या चिठ्ठीशी करत नाही, मोबाइलवरच्या लाल घड्याळाशी तर नाहीच. तिथे निमूट मोजतो आणि वाचले म्हणतो. घासाघीस आपण करतो ती जिचा घाम डोळ्यांसमोर दिसतो तिच्याशी. भाजीवालीशी, शिवणाऱ्या मावशीशी, वेचणीला येणाऱ्या बाईशी. ज्यांच्या किमतीत एक पैशाचीही हवा भरलेली नाही, नेमकी त्यांच्याकडूनच आपण सूट मागतो.

दहाव्या दिवशी लेहंगा तयार झाला. अस्तर सुती होतं, कमरेला दोन इंच आत सोडलेले होते, पुढे कधी लागले तर म्हणून. मी सवयीनं तो उलटा केला. आतली शिवण वरच्या नक्षीइतकीच सरळ होती.

मावशींनी बाराशे सांगितले. वहिनींनी पिशवी उघडली, पाचशेच्या दोन नोटा मोजल्या आणि नेहमीच्या सुरात बोलायला तोंड उघडलं. पुतणीनं आईच्या हातावर हात ठेवला.

"आई, कमी नको करू. त्या मागतात तेवढे दे."

वहिनींनी दोनशेची नोट काढली आणि वर ठेवली.